कुलपतिपदाचा प्रश्न : मान, अधिकार आणि उत्तरदायित्व

(१)

विद्यापीठविषयक कायद्यांत काही पदे इतकी रूढ झालेली असतात की त्यांच्या अस्तित्वाचे प्रयोजन विचारण्याची गरजच कोणास भासत नाही. कुलपतिपद हे अशांपैकी एक होय. पदवीदान समारंभातील अध्यक्षस्थान आणि कुलगुरूंच्या नियुक्तिपत्रावरील स्वाक्षरी एवढ्यापुरतेच सामान्य विद्यार्थ्याला त्याचे दर्शन घडते. गेल्या काही वर्षांत मात्र महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, पश्चिम बंगाल इत्यादी राज्यांत हे पद तीव्र वादाचा विषय झाले आहे. या वादात 'कुलपती कोण असावा ?' हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. राज्यपाल असावा, मुख्यमंत्री असावा, की एखादा नामवंत विद्वान असावा, अशी त्याची तीन उत्तरे देण्यात येतात. वस्तुतः त्याआधी दुसरा प्रश्न विचारला जावयास हवा : कुलपतीकडे अधिकार कोणते असावेत आणि त्या अधिकारांच्या वापराबद्दल त्याने कोणास जाब द्यावा ? हा प्रश्न मागे पडल्यामुळेच प्रस्तुत वाद व्यक्तींच्या आणि पक्षांच्या पातळीवर घुटमळत राहिला आहे.

मूळ युरोपीय संज्ञेचा उगम अगदी साधा आहे. रोमन न्यायालयात न्यायाधीश आणि लोक यांच्यामध्ये जाळीदार कठडा असे. त्या कठड्यापाशी उभा राहणारा सेवक तो 'कॅन्सेलॅरियस'. पुढे हाच सेवक लेखनिक झाला, लेखनिकाचा मुद्राधारी झाला आणि मुद्राधाऱ्याचा राज्यातील एक श्रेष्ठ अधिकारी झाला. मराठीने या पदासाठी स्वीकारलेला 'कुलपती' हा शब्द मात्र निराळ्या कुळातला आहे. दहा सहस्र शिष्यांचे अन्नादिकांनी पोषण करून त्यांना विद्यादान करणारा ऋषी तो कुलपती, असा त्याचा संस्कृतातील परंपरागत अर्थ; 'शाकुंतला'तील कण्व हा या अर्थाने कुलपती आहे. हिंदी प्रदेशात हा शब्द दीर्घकाळ व्हाइस-चॅन्सेलरसाठी योजिला गेला आणि चॅन्सेलरला 'कुलाधिपति' म्हटले गेले. अलीकडे मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानाने २०२५ मध्ये व्हाइस-चॅन्सेलरसाठी 'कुलगुरु' ही संज्ञा स्वीकारली. मराठीत 'कुलगुरू' आणि 'कुलपती' हा भेद पूर्वीपासूनच स्थिर आहे. परंतु शिकवणाऱ्या आणि पोसणाऱ्या ऋषीचे नाव जो शिकवीतही नाही आणि पोशीतही नाही अशा अधिकाऱ्यास दिले गेले, ही विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे. पित्याच्या भूमिकेची सूचना या शब्दात आहे. आणि पित्याच्या अधिकाराबद्दल जाब विचारावयाचा नसतो, ही समजूतही त्याबरोबर नकळत आलेली आहे.

(२)

शासन, न्याय आणि विद्यापीठ या तीन क्षेत्रांत या एकाच पदनामाचा विकास कसा झाला, हे तुलनेने पाहिल्यास प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

शासनक्षेत्रातील ठळक उदाहरण जर्मनीचे. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले तेव्हा बिस्मार्क हा त्याचा पहिला चॅन्सेलर झाला. त्याची सत्ता प्रचंड होती, पण ती सम्राटाच्या मर्जीवर अवलंबून होती. १८९० मध्ये ती मर्जी फिरताच त्यास जावे लागले. वायमार प्रजासत्ताकातही चॅन्सेलरची नेमणूक आणि बडतर्फी राष्ट्राध्यक्षाच्या हाती राहिली, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरची नियुक्ती याच अधिकाराने झाली. १९४९ च्या मूलभूत कायद्याने यातून धडा घेतला. त्यानुसार चॅन्सेलरची निवड संसदेचे कनिष्ठ सभागृह करते. शासनाच्या धोरणाची दिशा तो ठरवितो आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते. आणि त्यास दूर करावयाचे तर त्याच सभागृहाने त्याचा उत्तराधिकारी बहुमताने निवडावा लागतो. १९७२ मध्ये असा प्रयत्न फसला, १९८२ मध्ये तो यशस्वी झाला. येथे अधिकार मोठा आहे, परंतु त्याला जाब विचारणारी संस्था निश्चित आहे आणि जाब विचारण्याची रीतही निश्चित आहे.

न्यायक्षेत्रातील उदाहरण इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरचे. राजमुद्रेचा रक्षक म्हणून आरंभ झालेल्या या पदाकडे कठोर विधिनियमांपासून न्याय न मिळालेल्यांची गाऱ्हाणी येऊ लागली आणि त्यांतून चॅन्सरी न्यायालय व त्याची समन्यायाची पद्धती विकसित झाली. १८७३ व १८७५ च्या कायद्यांनी हे न्यायालय सामान्य न्यायव्यवस्थेत विलीन झाले. तरीही लॉर्ड चॅन्सेलर हा एकाच वेळी मंत्रिमंडळाचा सदस्य, उमरावांच्या सभागृहाचा अध्यक्ष आणि न्यायसंस्थेचा प्रमुख राहिला. सत्ताविभाजनाच्या तत्त्वाशी उघड विसंगत अशी ही रचना केवळ परंपरेच्या बळावर टिकली होती. जून २००३ मध्ये तत्कालीन शासनाने हे पदच रद्द करण्याची घोषणा केली; परंतु या पदाची कर्तव्ये असंख्य कायद्यांत विखुरलेली असल्यामुळे घोषणेने ते नाहीसे होऊ शकत नाही, हे लवकरच ध्यानात आले. अखेर २००५ च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने पद कायम ठेवून त्याची कामे वेगळी केली. २००६ पासून न्यायसंस्थेचे प्रमुखपद लॉर्ड चीफ जस्टिसकडे आणि सभागृहाचे अध्यक्षपद सभागृहाने निवडलेल्या स्वतंत्र अध्यक्षाकडे गेले. लॉर्ड चॅन्सेलरकडे उरले ते मंत्रिपद आणि न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचे रक्षण करण्याची शपथ. नाव टिकले, मिश्रण संपले.

विद्यापीठक्षेत्रातील कथा याहून जुनी आहे. मध्ययुगीन पॅरिसमध्ये शिकविण्याचा परवाना देण्याचा अधिकार नोत्र-दाम धर्मपीठाच्या चॅन्सेलरकडे होता. तो विद्यापीठाचा नव्हता. विद्यापीठावर नेमलेला होता. त्याच्याशी अध्यापकांच्या संघाचा दीर्घ कलह झाला, आणि पोप नववा ग्रेगरी याने १२३१ मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने चॅन्सेलरवर बंधने आली : परवाना देण्यापूर्वी उमेदवाराच्या योग्यतेविषयी अध्यापकांकडून माहिती घेणे त्यास आवश्यक झाले. कुलगुरूंच्या निवडीसाठी आज नेमल्या जाणाऱ्या शोधसमितीमागील तत्त्व याहून वेगळे नाही. ऑक्सफर्ड येथेही चॅन्सेलर आरंभी बिशपचा प्रतिनिधी होता. पुढे त्याची निवड विद्यापीठाकडे आली आणि कालांतराने प्रत्यक्ष कारभार व्हाइस-चॅन्सेलरकडे जाऊन चॅन्सेलरकडे केवळ मान उरला. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पदवीधरांनी व अध्यापकांनी मतदान करून नवा चॅन्सेलर निवडला, तेव्हा त्याच्या हाती कुलगुरू नेमण्याची वा बडतर्फ करण्याची सत्ता येणार नाही, हे सर्वांस ठाऊक होते.

या तीन उदाहरणांतून दोन सुसंगत रचना दिसतात. अधिकार आणि उत्तरदायित्व दोन्ही असलेले पद, ही एक. आणि अधिकार नसलेले, म्हणून उत्तरदायित्वाचीही गरज नसलेले मानाचे पद, ही दुसरी. भारतातील राज्य विद्यापीठांचे कुलपतिपद या दोहोंत बसत नाही. त्याला दुसऱ्या प्रकारचा मान आणि पहिल्या प्रकारचा अधिकार लाभला आहे. पहिल्या प्रकारचे उत्तरदायित्व मात्र लाभलेले नाही.

(३)

हे असे का घडले, याचे उत्तर १८५७ च्या कायद्यांत आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापण्याची सूचना केली आणि त्यांच्या रचनेत चॅन्सेलर, व्हाइस-चॅन्सेलर व फेलो यांची योजना केली. १८५७ च्या २२ व्या कायद्याने, १८ जुलै रोजी, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मुंबईचा गव्हर्नर तो पदसिद्ध चॅन्सेलर, असे कायद्याने ठरविले आणि लॉर्ड एल्फिन्स्टन हा पहिला चॅन्सेलर झाला. व्हाइस-चॅन्सेलरपदी सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर विल्यम यार्डली आले. म्हणजे नमुना लंडनचा घेतला, पण लंडनच्या विद्यापीठाचा चॅन्सेलर काही प्रदेशाचा शासक नव्हता. येथे जो शासक तोच विद्यापीठाचा प्रमुख झाला. नाव विलायतेतील मानाचे, आणि त्यामागे उभी राहिली ती वसाहतीच्या कार्यकारी सत्तेची प्रत्यक्ष मूर्ती.

या संयोगाचा खरा अर्थ १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने उघड केला. मुंबई, कलकत्ता व मद्रास या विद्यापीठांतील सामान्य फेलोंची संख्या किमान ५० आणि कमाल १०० ठरविण्यात आली. त्यांपैकी २० निर्वाचित व्हावयाचे आणि उरलेले सर्व चॅन्सेलरने नेमावयाचे. सेनेटचा आकार आटोपशीर करणे हा कायद्याचा एक रास्त हेतू होता, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु त्याच कलमाने सेनेटमधील बहुमत शासकाच्या हाती गेले. गोखले यांनी कायदेमंडळात या विधेयकास जो कसून विरोध केला, त्याचे कारण हेच होते.

या कायद्याचा कर्ता लॉर्ड कर्झन गव्हर्नर-जनरल या नात्याने कलकत्ता विद्यापीठाचा चॅन्सेलर होता. मायदेशी परतल्यावर १९०७ मध्ये तो ऑक्सफर्डचा चॅन्सेलर निवडला गेला. तेथेही त्यास सुधारणा करावयाच्या होत्या. परंतु तेथे त्याने काय केले ? १९०९ मध्ये विद्यापीठास उद्देशून एक विस्तृत निवेदन लिहिले, आपली मते मांडली आणि विद्यापीठाच्या मंडळांनी त्यांचा विचार करावा, अशी अपेक्षा केली. कलकत्त्यात जो चॅन्सेलर बहुसंख्य फेलो नेमू शकत होता, त्यास ऑक्सफर्डमध्ये युक्तिवादाने मन वळवावे लागले. व्यक्ती तीच, पदनाम तेच, सुधारणेची तळमळही तीच. फरक पडला तो पदाच्या रचनेमुळे. कुलपतिपदाचा प्रश्न हा सज्जन वा विद्वान व्यक्ती नेमण्याचा प्रश्न नाही, हे याहून स्पष्ट रीतीने दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

वसाहतीच्या काळातही दुसरा मार्ग अज्ञात नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. १९१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाचे पहिले चॅन्सेलर म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार हे होते. महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा त्याचे कुलपतिपद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आणि कुलगुरुपद रँग्लर र. पु. परांजपे यांनी स्वीकारले. शासनाची मान्यता नसलेले हे विद्यापीठ लोकाश्रयावर चालले होते. म्हणून त्याचा कुलपती कोण असावा हे ठरविण्यास ते मोकळे होते, आणि त्याने एका विद्वानाची निवड केली. १९५१ मध्ये या विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळाली. आज त्याचेही कुलपतिपद राज्यपालांकडे आहे. मान्यतेबरोबर शासकीय साचाही येतो, याचा हा पुरावा होय.

(४)

स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांत नवे विद्यापीठ कायदे झाले, आणि 'गव्हर्नर' या जागी 'राज्यपाल' हा शब्द घालून जुनी योजना बहुतांशी कायम ठेवण्यात आली. राज्यपालाने कुलपती व्हावे असे संविधानात कोठेही म्हटलेले नाही. हे पद त्यास राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने मिळते. यातूनच एक महत्त्वाचा प्रश्न उद्भवला : कुलपती म्हणून काम करताना राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे की स्वतंत्र बुद्धीने ? न्यायालयांचा कल दुसऱ्या पक्षाकडे राहिला आहे. कायद्याने अधिकार कुलपतीस दिला असेल तर तो त्याने स्वतःच वापरला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या कन्नूर विद्यापीठाविषयीच्या निर्णयात ठामपणे लागू केले. राज्यशासनाच्या अवाजवी हस्तक्षेपामुळे कुलपतींचा निर्णय दूषित झाला, या कारणास्तव तेथील कुलगुरूंची फेरनियुक्ती रद्द ठरली.

कायद्याचा अर्थ लावण्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष म्हणावा लागेल. परंतु त्यामागील गृहीताची चिकित्सा विद्यापीठीय अभ्यासकांनी करावयास हवी. राज्यशासनापासून स्वतंत्र असणे म्हणजे स्वतंत्र असणे नव्हे. संविधानाच्या १५६ व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो, आणि ही मर्जी व्यवहारात केंद्रशासनाची असते. म्हणजे कुलपतीचे स्वातंत्र्य हे एका शासनापासूनचे स्वातंत्र्य आहे, शासनमात्रापासूनचे नव्हे. शिवाय मंत्र्याने चूक केल्यास विधानसभेत त्यास प्रश्न विचारता येतो. कुलपतीच्या निर्णयाबद्दल असा प्रश्न विचारला तर 'तो निर्णय शासनाचा नाही' हे उत्तर कायदेशीर दृष्ट्या बरोबरच ठरते. न्यायालयात दाद मागता येते हे खरे. परंतु न्यायालय निर्णयाची वैधता पाहते, त्याचे शहाणपण पाहत नाही.

दोन आयोगांनी या प्रश्नाचा विचार केला, आणि त्यांच्या निष्कर्षांतील अंतर विचार करण्याजोगे आहे. १९८८ मध्ये अहवाल देणाऱ्या सरकारिया आयोगास राज्यपालाने कुलपती म्हणून मंत्र्यांशी विचारविनिमय करणे इष्ट वाटले, पण त्यांच्या सल्ल्याने तो बद्ध असावा असे वाटले नाही. २०१० च्या पुंछी आयोगाने मात्र संविधानात न सांगितलेली आणि वादास कारण होणारी पदे राज्यपालावर लादू नयेत, अशी भूमिका घेतली. पहिल्या आयोगास विद्यापीठाचे हित रक्षावयाचे होते, दुसऱ्यास राज्यपालपदाची प्रतिष्ठा. विद्यापीठाने आपला प्रमुख स्वतः निवडावा हा विचार दोघांच्याही केंद्रस्थानी नाही.

(५)

महाराष्ट्रातील अनुभव हीच गोष्ट सांगतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने शोधसमितीने सुचविलेल्या नावांतून कुलगुरू नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे ठेवला. कुलगुरूंना दूर करण्याचा अधिकारही त्यांचाच. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या सुधारणा विधेयकानुसार शोधसमितीची नावे प्रथम राज्यशासनाकडे जावयाची, शासनाने त्यांतील दोन नावांची शिफारस करावयाची आणि कुलपतींनी त्यांतून एकाची निवड करावयाची होती. उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करण्याचीही त्यात तरतूद होती. सत्तांतरानंतर २०२२ मध्ये नव्या शासनाने हे विधेयक मागे घेण्याचा निर्णय केला. एका बाजूने यास लोकनियुक्त शासनाचा हक्क म्हटले, दुसऱ्या बाजूने विद्यापीठांच्या स्वायत्ततेवरील आघात म्हटले. परंतु राज्यातील कृषी विद्यापीठांत आणि आरोग्यविज्ञान विद्यापीठात संबंधित मंत्री प्र-कुलपती आहेतच. तेथे त्यामुळे विद्यापीठ बुडाले की तरले, याचा तपशीलवार अभ्यास कोणत्याच बाजूने पुढे ठेवला नाही. तत्त्वाचा वाद अनुभवाच्या आधाराविना चालला.

इतर राज्यांतही हाच क्रम दिसतो. पश्चिम बंगालने २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांना कुलपती करण्याचे विधेयक संमत केले. त्याच वर्षी केरळने राज्यपालांच्या जागी नामवंत विद्वान नेमण्याचे विधेयक केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी त्यास अनुमती नाकारली. तामिळनाडूची विधेयके तर राज्यपालांच्या अनुमतीसंबंधीच्या मोठ्या घटनात्मक वादाचा भाग बनली. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या दहा विधेयकांस अनुमती मिळाल्याचे मानले. २० नोव्हेंबर २०२५ च्या सल्लागार अभिमतात मात्र घटनापीठाने अशी 'मानलेली अनुमती' ही कल्पनाच अमान्य केली. ज्याचे अधिकार कमी करावयाचे त्याच्याच अनुमतीवर विधेयक अवलंबून, असा हा पेच आहे. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात शोधसमिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे सोपविण्याची योजना होती. ओढाताण दोन शासनांत आहे. जिच्यासाठी ती चालली आहे ती संस्था केवळ पाहत उभी आहे.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. विद्यापीठातील निवडणुका गटबाजीने ग्रस्त असतात. बाहेरचा अधिकारी नसेल तर संस्था अंतर्गत हितसंबंधांच्या हाती जाईल, असे म्हटले जाते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकीय उत्तरपत्रिका-तपासणीच्या गोंधळामुळे निकाल फार लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. असा अधिकार कोठेतरी असावयास हवा, हे या प्रसंगाने निःसंशय सिद्ध होते. परंतु तो अधिकार अन्य कोणाकडे सोपविता येणारच नाही, हे त्याने सिद्ध होत नाही. उलट वीसहून अधिक विद्यापीठांचे कुलपतिपद एकाच व्यक्तीकडे असेल तर तिची देखरेख बहुधा अनर्थ घडल्यानंतरच जागी व्हावयाची, हेही त्यातून सूचित होते. जिचे निकाल अडले त्या विद्यार्थिनीस कुलगुरू गेल्याने तिचे गेलेले महिने परत मिळत नाहीत.

(६)

तात्पर्य, कुलपतिपदात आज तीन भिन्न कामे एकत्र आली आहेत : विद्यापीठाचे प्रतीक होणे, त्याचा कार्यकारी प्रमुख निवडणे आणि त्याच्या मंडळांच्या चुका दुरुस्त करणे. इंग्लंडने लॉर्ड चॅन्सेलरच्या बाबतीत जे केले, तेच येथे करणे योग्य ठरेल. पद ठेवावे, मिश्रण मोडावे. प्रतीकाचे काम विद्यापीठाच्या अधिसभेने वा पदवीधरांनी निवडलेल्या व्यक्तीकडे द्यावे. १९१६ मध्ये महिला विद्यापीठाने ते तसे देऊन दाखविले आहे. कुलगुरूंची निवड अध्यापकांचे बहुमत असलेल्या समितीने करावी आणि निवडीची कारणे लेखी नोंदवावी. चुकीचे ठराव तहकूब करण्याचे व गंभीर गैरकारभारात कुलगुरूंना दूर करण्याचे काम निश्चित मुदतीत सकारण निर्णय देणाऱ्या न्यायिक स्वरूपाच्या मंडळाकडे जावे. शासनाने पैसा द्यावा आणि त्याचा हिशेब विधिमंडळात मागावा. तो त्याचा हक्कच आहे.

यावर असे म्हणता येईल की अशी रचना कोणत्याच शासनास रुचणार नाही. ते खरे आहे. राज्यपाल कुलपती असोत की मुख्यमंत्री, दोन्ही योजनांत कोणते ना कोणते शासन लाभार्थी आहे. या तिसऱ्या योजनेत ते कोणीच नाही. म्हणूनच ती मागण्याचे काम विद्यापीठांनाच करावे लागेल. १२३१ मधील पॅरिसच्या अध्यापकांना त्यांचा अधिकार कोणी आपण होऊन दिला नव्हता. महाराष्ट्रातील अध्यापकवर्ग मात्र 'कोणाचा कुलपती बरा ?' या प्रश्नावर दोन तटांत विभागलेला राहिला, तर कुलपती बदलतील आणि कुलपतिपद जसेच्या तसे राहील.